सतराव्या वचनाची खूण

४ फेब्रुवारी, बुधवार

एका वचनावर अख्खी दुपार गेली! सकाळपासून कसं झपाझप चाललं होतं — बायबलची सोळा वचनं झाली. वचनं हातांनी सांगणारा आमचा बहिरा शिंपी कॅमेऱ्यासमोर असा रंगला होता की दिव्यांनी घामाघूम झाला तरी थांबायला तयार नाही. आणि सतराव्यावर घोडं अडलं.

वचनाचा पहिला भाग एवढाच — विश्वास ऐकण्याने येतो. शिंप्याने आमची खूण केली. आधी 'विश्वास'. मग दोन बोटांनी स्वतःच्याच खांद्यावर दोनदा थाप, आणि मान वळवून मागे पाहायचं, कुणी हाक मारल्यासारखं. आमच्या लोकांत हाक अशीच मारतात. बहिऱ्या माणसाला दुसरी कशी मारणार?

ग्रीकसरांनी — मूळ ग्रीक वचनाशी तेच ताडून पाहतात — हात वर केला. "थांबा, थांबा. इथे खांदा कुठून आला? शास्त्रात खांदा नाही."

म्हटलं, "सर, आमच्याकडे हे असंच चालत आलंय."

"चालत आलंय हे काही कारण नाही, बाई. चालत काय वाट्टेल ते येतं."

हे मी शिंप्याला हातांनी सांगितलं. जसंच्या तसं. दुभाष्याचं काम तेच — आपल्याला काय वाटतंय ते हातात उतरू द्यायचं नाही. शिंपी लालबुंद. दिवे बंद. खुर्ची भिंतीला लावून बसला आणि आमच्याकडे चक्क पाठ केली! बहिऱ्याने पाठ केली की संपलं. मग तुम्ही कितीही ओरडा.

सहा वर्षं झाली या कामाला. बहिऱ्यांनी वाचायचं नाही, पाहायचं असं शास्त्र. चर्चमागच्या खोलीत हिरवा पडदा, चार दिवे, एक कॅमेरा. दोन चर्चमंडळ्यांनी मिळून काढलेलं काम — ग्रीकसर आमच्या मंडळीचे, समितीचे अध्यक्ष फादर दुसऱ्या, परंपरा मानणाऱ्या जुन्या मंडळीचे. सहा वर्षांत भांडणं झाली, पण अशी पाठ कुणी केली नव्हती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्टात दिवसभर दुभाषी होते. वकील सारखे म्हणत होते, "माझ्या अशिलाच्या कानावर आलं." अशील ठार बहिरा!

हसू आलं, मग बहिऱ्या बाबांची आठवण. मी शाळेतून नवेनवे शब्द आणायचे आणि ते त्यांना हातांनी सांगायचे. एकदा गुरुजी म्हणाले, कानाडोळा करू नका. मी घरी येऊन कानाला बोट लावलं, डोळ्याला लावलं. बाबा म्हणाले, "हे तर बरं आहे. माझा एक चालतो." आपली भाषा कानांनी नुसती भरलीय — कानोसा, कानउघाडणी, कानामागे टाकणं. बाबांना त्यांची मौज वाटायची. एका वहीत लिहून ठेवायचे. छापखान्यातली ती वही, शाईच्या बोटांची.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर आईकडे गेले. दाराचं बटण दाबलं की आत दिवा उघडझाप करतो. आईने दार उघडलं, हातात मटारच्या शेंगा. त्र्याऐंशी वर्षांची, पण शेंगा सोलायची गती तीच. कितीही बोलायचं असलं तरी आधी हात रिकामे करते, पुसते, मग बोलते. लहानपणी याचा राग यायचा. आज उभ्याने बघत राहिले.

खिडकीशी बसून सगळं सांगितलं. खांद्याची खूण, ग्रीकसर, शिंप्याची पाठ. आई लक्ष देऊन पाहत होती.

विचारलं, "ती मोठ्या बाईंचीच खूण ना? तुला आठवते ना?"

"बाईंच्या सगळ्या खुणा मला आठवतात," आई म्हणाली. मग शेंगांचं भांडं पुढे ओढलं. "अर्ध्या तू सोल."

मोठ्या बाई! बहिऱ्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. स्वतः ऐकू येणाऱ्या, पण हात आमच्याहून स्वच्छ. आईबाबा दोघं त्यांचे विद्यार्थी. दर रविवारी बाई चर्चमध्ये डाव्या खिडकीशी उभ्या राहायच्या, उजेड हातांवर पडावा म्हणून. अंगात कायम राखाडी कपडे, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, घड्याळ काढून खिशात. पाळक प्रवचन करायचे आणि बाईंचे हात त्यांच्या मागून अर्धं वाक्य ठेवून चालायचे. त्यांच्यासमोरचे पहिले दोन बाक आमच्या लोकांचे. वीसेक माणसं. गाण्याच्या वेळी बाबा पुढच्या बाकाच्या पाठीवर तळवा टेकवायचे. ऑर्गन लाकडातून यायचा म्हणे. मला मांडीवर घ्यायचे आणि माझा हात आपल्या हाताखाली ठेवायचे. मला तर गाणं दोन्हीकडून यायचं — कानातून आणि तळव्यातून! ते सुख पुन्हा कुठल्याही गाण्यात मिळालं नाही.

त्याच मांडीवरून मी ती खूण पाहिलेली आहे. खिडकीचा उजेड, राखाडी बाही, खांद्यावर दोन बोटं, वळलेली मान. काल पाहिल्यासारखी.

९ फेब्रुवारी, सोमवार

ग्रीकसरांच्या आग्रहाने दुसरी प्रत केली. 'विश्वास' आणि मग कानाला बोट. शब्दाला शब्द. शिंप्याने केली, पण चेहरा असा की पोस्टात तिकिटं चिकटवतोय.

नियम असा की प्रत्येक वचन आधी एखाद्या परक्या बहिऱ्या माणसाला दाखवायचं. त्याने वचन वाचलेलं नसावं. पाहून काय कळलं ते त्याने सांगायचं, मी लिहायचं. आज बेकरीतली बाई आली होती. हाताला अजून पीठ.

तिने दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "विश्वास कानवाल्यांचा असतो. आपल्यासाठी नाही." आणि अगदी सहज विचारलं, "पुढचं दाखवता?"

मी ते तसंच लिहिलं. ग्रीकसरांनी कागद वाचला. चष्मा काढला. पुसला, आणि कागद पुन्हा वाचला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बेकरीवालीचं ते वाक्य मनातून जात नाही. असंच बाबांना एकदा सांगितलं गेलं होतं — याच वचनावरून.

बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. यंत्रांची घरघर त्यांना कुठे त्रास देणार, म्हणून त्या काळी आमचे बरेच लोक छापखान्यांत असायचे. मंडळीचं साप्ताहिक पत्रक तिथेच छापायचं आणि ते बाबाच जुळवायचे. उलटी अक्षरं, उजवीकडून डावीकडे. शास्त्रातली वचनं त्यांना उलटीसुद्धा पाठ होती!

त्यांना दृढीकरण, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासदत्व, हवं होतं. प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसायचं होतं. तेव्हाचे पाळक करड्या दाढीचे, वाईट माणूस नव्हते म्हणे. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं — विश्वास ऐकण्याने येतो असं प्रेषित सांगतो. जो जन्मापासून ऐकत नाही त्याला देव त्याच्या मार्गाने तारील, पण प्रभूच्या मेजावर आम्ही कसं बसवावं? फार पूर्वीपासून मंडळीत असंच चालत आलं आहे. खाली सही.

बाबा दोन वर्षं प्रत्येक प्रभुभोजनाला बाकावर बसून राहिले. बाकीचे उठून पुढे जायचे, यांनी पाय आत घ्यायचे, वाट द्यायची. आई तेव्हा नुसती ओळखीची होती. म्हणायची, "मी जाताना त्यांच्या पायाला माझा पाय लागायचा. मुद्दाम नाही. पहिल्यांदा मुद्दाम नाही."

शेवटी मोठ्या बाई पाळकांच्या घरी गेल्या. तीन तास बसल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. पुढच्या रविवारी बाबा मेजापाशी गेले. त्यानंतर चार महिन्यांनी लग्न.

ती चिठ्ठी बाबांनी फाडली नाही. मी विचारलं होतं, का ठेवलीत? म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." खिळे जुळवणारा माणूस!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रीकसरांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, विरघळतील.

सर ऐकत राहिले. त्यांच्या खोलीत खुर्चीवरसुद्धा पुस्तकं, म्हणून मी उभी. मग त्यांनी दोन गठ्ठे जमिनीवर ठेवले, मला बसवलं आणि म्हणाले, "मूळ शब्दाला दोन पदर आहेत, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. एक ऐकण्याची क्रिया. दुसरा, जे ऐकवलं जातं ते — निरोप. आदल्याच वचनात तोच शब्द निरोप म्हणून आलाय. तेव्हा कान सोडा म्हणालात तर सोडतो. 'निरोप' ही खूण करा. मला चालेल."

"आणि खांदा?"

"खांद्याला मी काय आधार देऊ?"

"मोठ्या बाईंनी शिकवलेलं आहे, सर. साठ वर्षं आमची माणसं त्या खुणेवर जगली."

तेव्हा ते जे बोलले ते मला लागलं. अजून लागतंय. "तुमच्या वडिलांना ज्यांनी अडवलं तेही हेच म्हणत होते ना? चालत आलंय म्हणून. त्यांची परंपरा तर शेकडो वर्षांची. मग एक टाकायची, एक घ्यायची — कशाच्या जोरावर? गोड वाटते म्हणून? म्हणून मी शब्दाला धरून बसतो. शब्द कुणाची बाजू घेत नाही."

उत्तर मला बसमध्ये सुचलं, नेहमीसारखं. शब्द नाही घेत, सर — पण त्या पाळकांनीही शब्दालाच धरलं होतं! चिठ्ठीत आधी शब्द आहे. परंपरा नंतर.

१५ फेब्रुवारी, रविवार

सरांना तेच म्हटलं, चर्चच्या पायरीवर. सर थांबले. म्हणाले, "हं." एवढंच. पण सरांचा 'हं' म्हणजे दुसऱ्याचं पानभर पत्र.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शिंप्याकडे गेले. समजूत काढायला. बुधवारी येतो की नाही याचीच धास्ती. दुकान एवढंसं — यंत्र, इस्त्री, टांगलेले कोट. समोर मोठा आरसा लावलाय. गिऱ्हाईकाला वाटतं त्याच्यासाठी. खरं म्हणजे दार उघडलेलं पाठमोऱ्याला दिसावं म्हणून.

मला पाहताच कात्री टाकली आणि हात सुरू. इतक्या वेगात की मलासुद्धा म्हणावं लागलं, हळू, हळू!

त्याचं म्हणणं असं. ग्रीकसरांनी सतरावं धरून ठेवलं. कुणी अठरावं पाहिलं का? याने पाहिलं. शिंप्याला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरून वाचतो — चार दिवस वाचत होता. अठराव्यात प्रेषित विचारतो, त्यांनी ऐकलं नाही का? आणि स्वतःच म्हणतो, ऐकलं की! आणि पुराव्याला जुन्या स्तोत्रातली ओळ देतो — त्यांचा नाद सगळ्या पृथ्वीवर गेला.

"कुणाचा नाद?" शिंप्याने मला विचारलं.

"प्रेषितांचा असेल."

"स्तोत्र काढ!" त्याच्या जुन्या प्रतीत कापडाच्या चिंध्या खुणेला घातल्या होत्या. एकोणिसावं स्तोत्र. त्यात नाद कुणाचा? आभाळाचा! सूर्याचा, दिवसारात्रीचा. आणि तिथेच लिहिलंय की त्यांना वाणी नाही, शब्द नाहीत, त्यांचा आवाज ऐकू येत नाही.

शिंपी दोन्ही हात पसरून उभा राहिला, टांगलेल्या कोटांच्या मधोमध. "ऐकू न येणारं बोलणं! प्रेषिताने दाखला कुणाचा दिला? मुक्याचा! आणि लोकांनी ऐकलं म्हणतो. कशाने ऐकलं? डोळ्यांनी! आपल्यासारखं!"

मला रडूच आलं. इतकी वर्षं मी ही दोन वचनं लागोपाठ ऐकत आलेय. चांगले दोन कान आहेत मला. कधी लक्षात आलं नाही!

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पँट आखूड झाली म्हणून तक्रार. शिंप्याने डोळे पुसत पुसत त्याची मापं घेतली. तो माणूस घाबरलाच! मला हळूच म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणावं. दोन बोटांचा तर फरक आहे."

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिंपी आला. ग्रीकसरांसमोर सगळं पुन्हा मांडलं, मी तोंडाने सांगत होते. सर मधेच उठले, मूळ प्रत आणली, उभ्या उभ्या चाळली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

"हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. "दाखला कुठून घेतला, शब्द कसे बदलले — सगळं. त्या आभाळाला आवाज नाही हे मात्र कधी..." सर तसेच शिंप्यापाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटांनी थाप मारली. चुकीच्या खांद्यावर, पण मारली!

आता फादर आणि समिती. शनिवारी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लांबलचक टेबल, पाण्याचे जग, सात माणसं. ग्रीकसर आमच्या बाजूने बोलले. शास्त्राने शास्त्राचा अर्थ लावावा, आणि या शिंप्याने लावला आहे, असं म्हणाले. मी हे हातांनी सांगताना माझीच मान ताठ झाली.

मग फादर. पंचाहत्तरीचे, सावकाश बोलणारे. "स्तोत्राचं मला पटलं. त्याने 'निरोप' सिद्ध होतो. खांदा सिद्ध होत नाही. पण माझी अडचण सरांसारखी नाही. शास्त्रात नाही म्हणून मी काही टाकत नाही. कुठली पुस्तकं शास्त्रात घ्यायची हेसुद्धा शास्त्रात लिहिलेलं नव्हतं — मंडळीने हातोहात जपलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. मला एवढंच सांगा, ही खूण कुणाच्या हातातून कुणाच्या हातात आली?"

शिंपी म्हणाला, "मला हिच्या वडिलांनी शिकवली. रविवारच्या वर्गात. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवली. बाईंची खूण आहे म्हणून सांगायचे."

"आणि वडिलांना?"

मी उभी राहिले. खरं तर बसूनच बोलायची पद्धत. खिडकी सांगितली, राखाडी बाही सांगितली, बाबांची मांडी सांगितली. म्हटलं, "मी मोठ्या बाईंना ही खूण करताना स्वतः पाहिलंय, फादर."

"शपथेवर सांगाल?"

"कोर्टात रोज घेते. सांगेन."

फादरांनी मान डोलावली. कागदावर लिहिलं. पहिली शिक्षिका — तिच्याकडून विद्यार्थी — त्याच्याकडून मंडळी. बाण काढून. इतकं सरळ दिसत होतं! बाई, बाबा, शिंपी, आम्ही.

मंजूर. खाली टीप द्यायची — ही खूण बहिऱ्यांच्या मंडळीत त्यांच्या पहिल्या शिक्षिकेपासून चालत आलेली आहे. टिपेचं शब्दांकन ग्रीकसरांनी केलं. एक स्वल्पविराम दोनदा काढला, दोनदा घातला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या बाकावर बसले होते आज. आमची आता चाळीस माणसं. उजेड अजून डाव्या खिडकीतूनच येतो. ऑर्गन गेला, त्या जागी पेटीएवढं काहीतरी आलंय. बाकाच्या पाठीवर तळवा टेकवून पाहिला. काही येत नाही.

बाबा असते तर! आज त्यांना खूप काही सांगायचं होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चित्रण झालं. एका दमात! शिंप्याने नवा काळा सदरा स्वतः शिवून आणला होता, हात उठून दिसावेत म्हणून. 'विश्वास' — खांदा — वळणं. वळताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून कॅमेरावाला, ज्याला एक खूण कळत नाही, तो म्हणाला, "कोण आलं?"

पुन्हा बेकरीवाली. तिला आधीच्या प्रतीची आठवण करून दिली नाही. तिने पाहिलं. एकदाच. म्हणाली, "मी माझ्या कामात होते. मला बोलावलं. मी पाहिलं, आणि विश्वास बसला." मग विचारलं, "कोण होतं ते पुढे कळेल का?"

 

२ मार्च, सोमवार

पहिली प्रत हातात! चित्रणाची चकती आणि सोबत लहानशी पुस्तिका, टिपांची. कागद बरा आहे. बाबांनी आधी कागदच चोळून पाहिला असता, मग मजकूर. सतराव्या वचनाची टीप पान एकतीसवर. मोठ्या बाईंचं नाव नाही, पण 'पहिली शिक्षिका' म्हणून त्या छापल्या गेल्या. त्यांना उशिरा का होईना हे मिळालं, याचं इतकं बरं वाटतंय.

रविवारी आईला दाखवणार.

६ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात दुभाषी. दमले. डॉक्टर अर्ध्या वाक्यात उठून जातात, उरलेलं अर्धं मी कुठून आणू?

मोठ्या बाई आठवल्या. पाळक भरकटले की त्या हात खाली घ्यायच्या आणि सरळ वाट बघायच्या. स्वतःचं एक अक्षर घालायच्या नाहीत. जे म्हटलंय ते, तेवढंच. मी तीस वर्षं या कामात त्यांच्यासारखं होण्याचा प्रयत्न केला.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी रविवारी येणं बंद केलं. मी सहा वर्षांची. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मलाच स्टुलावर उभी केली, त्याच खिडकीशी. पाळकांचं सगळं कुठे कळायचं? जे हाती लागेल ते करायचे. आई म्हणते, पहिल्या दिवशी मी थरथरत होते. मला स्टुलाचं हिरवं रेक्झिन तेवढं आठवतं.

८ मार्च, रविवार

आईने चकती पाहिली. शिंप्याच्या खांद्याशी आली तेव्हा हसली, डोळे भरले. मग पुस्तिका घेतली, बोट धरून टीप वाचली. हात पुसले.

"हे खोटं आहे," म्हणाली. "बाई कान करायच्या. कायम. पुस्तकात कान, तर कान. ते वचन आलं की तुझे बाबा मान खाली घालायचे, बुटांकडे बघायचे. ती चिठ्ठी आठवायची. बाईंनी ती खाली गेलेली मान दरवर्षी पाहिली, पण कान सोडला नाही.

"तुझा पहिला रविवार होता. तेच वचन निघालं. बाबांची मान खाली. तू हात हलवत होतीस, ते बघेनात. शेवटी तू स्टुलावरून उतरलीस, मागून आलीस आणि त्यांच्या खांद्यावर थाप मारलीस — दोनदा. ते वळले. तू परत पळत जाऊन स्टुलावर चढलीस, पुढचं सांगायला.

"घरी येईपर्यंत ते तेच करत होते. आपल्याच खांद्यावर. लोकांना बाईंचं म्हणून सांगितलं. सहा वर्षांच्या पोरीचं कोण घेणार?"

मला यातलं काहीच आठवत नाही.